मॅप्स टू द स्टार्स (२०१४) : प्रसिद्धीचा वारसा आणि एका घराचा जमाखर्च

अनवट :

(या धाग्यात चित्रपटाचा शेवटापर्यंतचा तपशील येणार आहे. ज्यांना तो कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावे.)

डेव्हिड क्रोनेनबर्ग या कॅनडातील दिग्दर्शकाचा 'मॅप्स टू द स्टार्स' २०१४ च्या कान महोत्सवात स्पर्धा विभागात होता आणि त्यातील कामाबद्दल ज्युलिअन मूर हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कारही मिळाला. पण चित्रपटाची चर्चा निघाली की 'हॉलिवूडची टवाळी आहे, आणि तीही जुनीच' असे म्हणून तो बाजूला सारला जातो. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा. चंदेरी दुनियेतील माणसे मत्सरी, पोकळ आणि पैशाला चटावलेली असतात हे आपल्याला ठाऊक आहे. ते सांगायला क्रोनेनबर्गची गरज नव्हती. त्याचा रोख घरावर आहे. ज्या घरात पोर हेच भांडवल असते त्या घरात आईबाप आणि मुले एकमेकांशी कसे बोलतात, कोण कोणाचे काय देणे लागतो आणि ते भांडवल बुडाले की घरात काय उरते, याची ही गोष्ट आहे.

लॉस एंजेलिसमध्ये राहणारे वाइस कुटुंब. वडील स्टॅफर्ड (जॉन क्यूसॅक) हे दूरचित्रवाणीवर झळकणारे, मालिश आणि मानसोपचार यांची सरमिसळ करून श्रीमंतांची दुःखे दाबून काढणारे गुरू. आई क्रिस्टिना (ऑलिव्हिया विल्यम्स) तेरा वर्षांच्या मुलाचे, बेंजीचे (इव्हान बर्ड), करारमदार सांभाळते. बेंजी एका तुफान चाललेल्या विनोदी चित्रपटाचा नायक आहे आणि नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आला आहे. थोरली मुलगी अ‍ॅगथा (मिया वासिकोव्स्का) हिने काही वर्षांपूर्वी भावाला औषध देऊन घराला आग लावली होती. तेव्हापासून ती फ्लॉरिडात उपचारांसाठी ठेवलेली आणि घरच्यांच्या लेखी संपलेली. भाजल्याच्या खुणा झाकण्यासाठी लांब काळे हातमोजे घालून ती परत येते आणि हॅवाना सेग्रँड (मूर) या उतरणीला लागलेल्या अभिनेत्रीकडे पडेल ते काम करणारी मदतनीस म्हणून राहते. हॅवानाची आईही नटी होती आणि आगीतच गेली. आईने गाजवलेल्या भूमिकेची नवी आवृत्ती निघते आहे आणि ती भूमिका आपल्यालाच मिळावी म्हणून हॅवानाचा आटापिटा चालला आहे. आईने आपला छळ केला असे ती सांगते, आणि त्याच आईच्या जागी उभे राहण्यासाठी तिचा जीव तुटतो आहे.

दोन प्रसंगांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पहिला रुग्णालयातला. मरणपंथाला लागलेल्या एका चाहत्या मुलीला भेटायला बेंजीला नेले जाते. भेट अर्थातच प्रसिद्धीसाठी ठरवलेली आहे. खाटेवरच्या मुलीला काय झाले आहे हेदेखील त्याला चुकीचे सांगितले गेले आहे, त्यामुळे तो एड्स समजून बोलतो आणि तिला झालेला असतो रक्ताशी संबंधित कर्करोग. तो आयपॅड देण्याचे कबूल करतो, सफाईने चार वाक्ये बोलतो, आणि खोलीबाहेर पडताच चुकीची माहिती देणाऱ्या आपल्या माणसावर तुटून पडतो. मुलीच्या दुखण्याने तो हललेला नाही, आपली फजिती झाली याने तो चिडला आहे. तेरा वर्षांच्या पोराच्या तोंडी एखाद्या मुरलेल्या मालकाची गुर्मी आहे आणि ती त्याला कोणी शिकवली हे विचारायची गरज पडत नाही, कारण घरात दुसरी कोणतीच भाषा ऐकू येत नाही. हीच मुलगी पुढे भूत होऊन त्याच्यासमोर उभी राहते.

दुसरा प्रसंग हॅवानाचा. ज्या अभिनेत्रीला तिच्याऐवजी आईची भूमिका मिळाली होती, तिचा लहान मुलगा बुडून मरतो आणि ती चित्रपट सोडते. म्हणजे भूमिका हॅवानाच्या पदरात. हळहळ फार वेळ टिकत नाही. हॅवाना गाणे म्हणत नाचू लागते आणि अ‍ॅगथालाही त्यात ओढते. हा प्रसंग भयंकर आहे तो हॅवाना खलनायिका आहे म्हणून नव्हे, तर मूरने त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर निखळ, लहान मुलीचा आनंद आणला आहे म्हणून. आईने कौतुक न केलेली मुलगी पन्नाशीकडे झुकताना पहिल्यांदा खूश झाली आहे आणि त्यासाठी दुसऱ्या एका आईचे मूल जावे लागले आहे. याला निव्वळ टवाळी म्हणणे मला तरी जमत नाही.

इतरांची मते वाचायला आवडतील, विशेषतः ज्यांना चित्रपट आवडला नाही त्यांची.

निशाचर :

आपण बोलावलेच आहे तर लिहितो. मला चित्रपट आवडला नाही आणि त्याची कारणे आपल्या लेखातच दडलेली आहेत. घर जाळणारी मुलगी परत येते ती नेमकी कोणाकडे कामाला राहते, तर जिची आई आगीत गेली तिच्याकडे. त्या बाईवर उपचार कोण करतो, तर त्याच मुलीचा बाप. आणि पुढे मुलीचे आईबाप मुळात सख्खे भाऊ-बहीण असल्याचे उघड होते. एवढ्या मोठ्या शहरात सगळे धागे एकाच घराच्या दाराशी येऊन मिळतात. हे पटकथालेखकाने कागदावर आखलेले नकाशे आहेत, माणसांच्या आयुष्याला असे कोन नसतात.

दुसरे असे की ब्रूस वॅग्नरने ही पटकथा १९९० च्या दशकातच लिहिली होती. ती अनेक वर्षे रखडली, त्यातून त्याने २०१२ मध्ये 'डेड स्टार्स' ही कादंबरी काढली आणि मग चित्रपट झाला. मधल्या काळात वाक्यांमध्ये ट्विटर आणि आयपॅड भरले गेले, पण सांगाडा तोच राहिला. बड्या नावांची पेरणी करून टाळ्या घेण्याची जी पद्धत यात आहे, ती मला वीस वर्षे जुन्या मासिकातील कुजबुज सदर वाचल्यासारखी वाटली. वॅग्नर स्वतः एकेकाळी बेव्हर्ली हिल्समध्ये लिमोझिन चालवत असे, त्यामुळे मागच्या आसनावरचे संभाषण त्याने भरपूर ऐकले असणार हे मान्य. पण ऐकलेले सगळे सांगून टाकणे म्हणजे उपरोध नव्हे.

आणि पोहण्याच्या तलावाकाठी क्रिस्टिना पेट घेते तो प्रसंग. त्या ज्वाला इतक्या नकली दिसतात की माझ्या शेजारी बसलेली व्यक्ती हसली. शोकात्म क्षणी हसू यावे अशी दिग्दर्शकाची इच्छा होती, असा बचाव कृपया कोणी करू नये.

कावेरी :

निशाचर, ज्वालांविषयी मी वाद घालणार नाही. योगायोगांविषयी मात्र घालते. ईडिपस राजाने अनोळखी माणसाला मारले तो नेमका बाप निघाला आणि जिच्याशी लग्न केले ती आई निघाली, हे ग्रीक शोकांतिकेत आपण अडीच हजार वर्षे मुकाट्याने मान्य करत आलो आहोत. तिथे कोणी 'त्याच्या थीब्झ नगरात दुसरी बायको मिळाली नाही का' असे विचारत नाही. वॅग्नरने तोच सांगाडा उचलला आहे: रक्ताच्या नात्यातला विवाह, त्यातून जन्मलेली मुले, घरावरचा डाग, बाहेर घालवून दिलेले अपत्य परत येणे आणि त्याच्या येण्याने सगळे कोसळणे. फरक इतकाच की इथे राजवाड्याच्या जागी तलाव असलेला बंगला आहे, आणि देवांच्या जागी स्टुडिओचे अधिकारी.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती फ्रेंच कवी पॉल एल्युआरची कविता. 'लिबर्ते' त्याने दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी फ्रान्स व्यापलेला असताना लिहिली आणि १९४२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ब्रिटिश विमानांतून तिच्या प्रती फ्रान्सवर टाकल्या गेल्या. वहीवर, झाडांवर, वाळूवर, बर्फावर मी तुझे नाव लिहितो असे म्हणत म्हणत कवी शेवटी ते नाव उच्चारतो, आणि ते असते स्वातंत्र्य. चित्रपटात ही कविता अ‍ॅगथा, बेंजी आणि भुते सगळेच पुटपुटत राहतात. एका देशाच्या सुटकेसाठी लिहिलेले शब्द या मुलांना फक्त घरापासून सुटण्यासाठी हवे आहेत, आणि त्यांना सुटकेचा एकच मार्ग ठाऊक आहे. शेवटी भाऊ-बहीण आईबापांच्या अंगठ्या घालून जळालेल्या घराच्या जागेवर लग्नाचा विधी करतात आणि गोळ्या गिळून आकाशाखाली आडवे होतात. आईबापांनी जे केले तेच मुले पुन्हा करतात. त्यांना वारशात दुसरे काही मिळालेलेच नाही.

टोरांटोकर :

इथल्या, म्हणजे कॅनडातल्या, एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. हॉलिवूडविषयीचा हा चित्रपट बहुतांश टोरांटोत चित्रित झाला. लॉस एंजेलिसमध्ये जेमतेम पाच दिवस काम झाले आणि क्रोनेनबर्गने अमेरिकेच्या भूमीवर कॅमेरा लावण्याची ती पहिलीच वेळ होती. चाळीस वर्षांहून अधिक कारकीर्द असलेल्या आणि जगभर नाव झालेल्या माणसाने एवढा काळ सीमेच्या अलीकडे राहून चित्रपट काढले आहेत, हे लक्षात घेतले की या चित्रपटातली नजर आतल्या माणसाची का नाही ते कळते. लिहिणारा आतला आणि दाखवणारा बाहेरचा, असा हा जोड आहे.

इथल्या प्रेक्षकांना आणखी एका ठिकाणी खुदकन हसू येते, जे बाहेर कोणाच्या ध्यानातही येत नाही. अ‍ॅगथा हॅवानाचा खून करते तो एका पुरस्काराच्या बाहुलीने. ती बाहुली ऑस्करची नाही. ती जिनी पुरस्काराची आहे, म्हणजे कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची, जे हा चित्रपट येण्याच्या थोडे आधी बंद होऊन त्यांच्या जागी नवे पुरस्कार सुरू झाले. क्रोनेनबर्गला स्वतःला अनेक जिनी मिळालेले आहेत. हॉलिवूडच्या तारकेच्या घरात शोभेला काय आहे, तर शेजारच्या देशाने कधीतरी दिलेला पुरस्कार, ऑस्कर नाहीच. हॅवानाची सगळी उंची या एका वस्तूत मोजून दाखवली आहे, आणि ती मोजताना दिग्दर्शकाने स्वतःच्या कपाटाकडेही डोळा मारला आहे.

कॅमेऱ्याविषयी एक निरीक्षण. छायालेखक पीटर सुशित्झ्की १९८८ पासून क्रोनेनबर्गसोबत काम करत होता. या चित्रपटात दोन माणसे बोलत असताना ती एकाच चौकटीत फार कमी वेळा दिसतात. आई बोलते तेव्हा आई एकटी, मुलगा बोलतो तेव्हा मुलगा एकटा, मागे भिंत किंवा काच. एकाच टेबलाशी बसलेले कुटुंब आपण जवळजवळ कधीच एकत्र पाहत नाही. प्रकाशही सपाट, दुपारचा, सावली न देणारा आहे. भुते येतात ती त्याच भगभगीत उजेडात, आणि बिचारी जिवंत माणसांपेक्षा जास्त सभ्य वागतात.

वकिलीबाणा :

चित्रपटकलेतले मला फारसे कळत नाही, पण 'मूल हेच भांडवल' या अनवट यांच्या मुद्द्याला कायद्याचा मोठा इतिहास आहे, तो इथे नोंदवतो. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) मधला पोरगा जॅकी कूगन हा त्या काळी अमेरिकेतील सर्वांत लाडका बालकलाकार होता. लहानपणी त्याने तीस ते चाळीस लाख डॉलर मिळवले असा अंदाज सांगितला जातो. तो सज्ञान झाला तेव्हा हाती काही उरले नव्हते. आई आणि सावत्र वडिलांनी ते उडवले होते. १९३८ मध्ये त्याने त्यांच्यावर दावा लावला आणि त्यातून त्याला सुमारे १ लाख २६ हजार डॉलर मिळाले. यातली खरी मेख अशी की तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाची कमाई आईबापांच्या मालकीची होती, म्हणजे नैतिकदृष्ट्या काहीही असो, कायदा आईच्या बाजूने होता.

या प्रकरणानंतर १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांसाठी कायदा झाला. त्यात पळवाटा बऱ्याच होत्या आणि त्या बुजवायला २००० साल उजाडले. आता तिथे मुलाची कमाई मुलाचीच मानली जाते आणि तिचा किमान १५ टक्के भाग त्याच्या नावे विश्वस्त खात्यात ठेवावा लागतो. आपल्याकडे बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा बालकलाकारांना मुभा ठेवण्यात आली. २०१७ च्या नियमांनुसार मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो.

आता क्रिस्टिनाकडे पाहा. ती कुठेही चोरी करत नाही. ती मुलाची व्यवस्थापक आहे, कराराच्या बैठकीत त्याच्या बाजूने लढते, आणि तिचे सगळे वागणे कायद्यात बसते. बेंजीच्या नावे ठेव असेलही. त्याचे बालपण ज्यात ठेवता येईल असे खाते मात्र कोणत्याच कायद्याने उघडून दिलेले नाही.

मृद्गंध :

वकिलीबाणा यांचा प्रतिसाद वाचून हंसा वाडकर आठवल्या. घर चालवण्यासाठी लहान वयातच त्यांना चित्रपटात उतरवले गेले आणि पुढे लग्न झाल्यावरही कमावते हात त्यांचेच राहिले; 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) त्यावरच आधारलेला आहे. तिथे भुते नाहीत, आगी नाहीत, पण घराने मुलीच्या कमाईवर जगायचे आणि वर तिच्याच चारित्र्याकडे बोट दाखवायचे, हा व्यवहार तोच आहे.

निशाचर :

मृद्गंध, साम्य मान्य, पण इथेच माझा आक्षेप अधिक पक्का होतो. हंसाबाईंच्या घरात पैशाची खरी चणचण होती, म्हणून तिथल्या प्रत्येक निर्णयाला वजन आहे. वाइस कुटुंबाला कशाचीच ददात नाही. बाप आधीच श्रीमंत आणि प्रसिद्ध. मग मुलाला जुंपायची गरज काय, हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही. स्टॅफर्ड हे पात्र त्यामुळे अर्धवट राहिले आहे. क्यूसॅक एकाच चढ्या सुरात वावरतो. तो मुलीला घराबाहेर ठेवण्यासाठी धमक्या देतो, मारहाण करतो, पण त्याला भीती नेमकी कशाची आहे, बदनामीची की स्वतःच्या पापाची, हे कळत नाही.

दूरदर्शी :

चर्चेत अभिनेत्री कॅरी फिशरचा उल्लेख अजून आला नाही याचे आश्चर्य वाटले. ती चित्रपटात कॅरी फिशर म्हणूनच येते. अ‍ॅगथाची तिच्याशी ट्विटरवर ओळख झालेली असते आणि तीच अ‍ॅगथाचे नाव हॅवानाला सुचवते. वरवर पाहता ही गंमत आहे, पण ही व्यक्ती कोण ते आठवा. अभिनेत्री डेबी रेनॉल्ड्स आणि गायक एडी फिशर यांची मुलगी. आईबापांच्या घटस्फोटाच्या बातम्या अख्ख्या देशाने चघळल्या तेव्हा ती दोनेक वर्षांची होती. पुढे तिने १९८७ मध्ये व्यसनातून सावरणाऱ्या अभिनेत्रीवर कादंबरी लिहिली, आणि १९९० मध्ये त्यावर निघालेल्या चित्रपटाची पटकथाही तिचीच होती. प्रसिद्ध आई आणि तिच्या सावलीतली मुलगी हाच त्या चित्रपटाचा गाभा होता. म्हणजे हॅवानाच्या दारात अ‍ॅगथाला आणून सोडणारी बाई ही हॅवानाचेच आयुष्य जगलेली, पण त्यावर विनोद करायला शिकलेली बाई आहे. तिला या भूमिकेसाठी घेण्यामागे हा विचार नसेल असे मला वाटत नाही.

निशाचर यांनी ज्याला नावांची पेरणी म्हटले, त्यातले हे एक नाव तरी रुजलेले आहे.

अनवट :

सर्वांचे आभार. स्टॅफर्डविषयी लिहितो, कारण तो प्रश्न मला सर्वांत रास्त वाटला.

गरज नसताना मुलाला का जुंपले, असे निशाचर विचारतात. माझ्या मते या घरात पैसा हा हेतू नाहीच. भाऊ-बहिणीने केलेल्या लग्नाची गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून त्यांना बाहेर दाखवायला दुसरी, अधिक चकचकीत गोष्ट सतत हवी आहे: बापाचे पुस्तक, बापाचा कार्यक्रम, मुलाचे यश. बेंजी हा त्यांचा पुरावा आहे की सगळे ठीक आहे. अ‍ॅगथा हा उलटा पुरावा आहे, म्हणून तिला फ्लॉरिडात ठेवायचे. एका मुलाला उजेडात ठेवणे आणि दुसऱ्याला अंधारात ठेवणे ही एकच व्यवस्था आहे, आणि म्हणूनच बेंजीचे बिनसले, चित्रीकरणात सोबतच्या लहान मुलाचा गळा त्याने आवळला, की ते घर एका दिवसात कोसळते. क्यूसॅकचा एकसुरीपणाही मला तसाच वाटला. हा माणूस लोकांच्या पाठीवर गुडघा रोवून त्यांच्या बालपणातल्या जखमा उघडतो, आणि स्वतःच्या पोटच्या मुलीचे भाजलेले हात पाहून फक्त पळवाट शोधतो. त्याच्याकडे दुसरा सूर नाही हेच त्याचे पात्र आहे.

तलावाकाठच्या आगीचा बचाव करू नका असे सांगितले आहे, तो करत नाही. ज्वाला वाईटच आहेत. मात्र त्या प्रसंगातली कृती पाहा. बायको पेटली आहे आणि नवरा तिला हाताने धरत नाही, तलावाकाठची आरामखुर्ची उचलून तिने तिला पाण्यात ढकलतो. आयुष्यभर लोकांना हाताने दाबून बरे करणारा माणूस बायकोला हात लावत नाही. इथे कोणी हसले असेल तर ते हसू फक्त नकली ज्वालांमुळे आले, असे मी मानणार नाही.

बाकी हा चित्रपट विनोदी की शोकात्म, हा घोळ आपल्यापुरता मर्यादित नाही. गोल्डन ग्लोबवाल्यांनी मूरला या भूमिकेसाठी विनोदी किंवा संगीतमय चित्रपटांच्या गटात नामांकन दिले होते. हॅवाना एकदा गाणे म्हणते हे खरे आहे, ते कशासाठी म्हणते हे वर लिहिलेच आहे.